पडद्यावरचे चिमणराव

'लग्न पहावें करून, घर पहावें बांधून' ही म्हण पुण्याच्या पेठांत जितकी चालते तितकीच भांडगावच्या चावडीवरही. तिचा पूर्वार्ध उचलून 1940 सालीं 'नवयुग' चित्रसंस्थेनें 'लग्न पहावं करून' हा विनोदी बोलपट काढला. दिग्दर्शन मास्टर विनायकांचें, कथा चिं. वि. जोशी यांची, चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग.

चिमणराव जन्मले ते कागदावर. बडोद्यास पाली भाषा शिकविणाऱ्या जोशींनीं आपल्या नायकास स्वतःची हकीकत स्वतःच सांगावयास लाविलें. साऱ्या विनोदाची किल्ली या एका युक्तींत आहे. हा भित्रा कारकून आपली फजिती गंभीरपणें, किंबहुना थोड्या ऐटींत सांगतो. आपण कसे दिसतों हें त्यास ठाऊक नसतें, वाचकास मात्र सर्व दिसतें. बोलपटांत ही लेखणी चिमणरावांच्या हातून काढून घ्यावी लागते. कॅमेरा त्यांच्या वतीनें बोलत नाहीं, तो त्यांच्याकडे बाहेरून पाहतो. गेलेल्या निवेदनाची भरपाई मग नटाच्या चेहऱ्यानें करावयाची!

दामुअण्णांचा चेहरा त्या कामास पुरून उरला. 'बलवंत संगीत मंडळी'च्या रंगभूमीवर ते वावरलेले, आणि आदल्याच वर्षीं अत्र्यांच्या 'ब्रँडीची बाटली'चे नायक. त्यांचा तिरळा डोळा सर्वांच्या ओळखीचा. व्यंगास हंसणें हा विनोदाचा हलका प्रकार, असें कोणी म्हणेल, व तें खोटें नाहीं. परंतु डोळ्यानें मिळणारें हंसूं पहिल्या प्रवेशापुरतें. पुढें प्रेक्षक हंसतो तो हा गृहस्थ आपल्या फजितीकडे इतक्या निरागसपणें पाहतो म्हणून. शेजारीं जोगांचा दांडगा गुंड्याभाऊ हवाच. त्याच्यावांचून चिमणरावांचा भित्रेपणा उठून दिसता ना. हीच जोडी 1942 सालीं 'सरकारी पाहुणे'मध्यें पुन्हां आली. विनायक मात्र 1947 सालीं अकालीं गेले.

फ्रान्समध्यें झाक ताती यांनीं 1953 सालीं मॉस्यू हुलो हें पात्र पडद्यावर आणलें. हुलो फारसा बोलतच नाहीं. त्याच्या मागें पुस्तक नाहीं, नट आणि पात्र बरोबरच जन्मले. म्हणून तातींवांचून हुलोची कल्पना करवत नाहीं. चिमणरावांचें तसें झालें नाहीं. 1970 नंतरच्या दशकांत मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चेहरे सर्वस्वी निराळे, तरी घरोघर ओळख पटली.

तेव्हां घरांतील मुलांस चिमणराव द्यावयाचे असतील तर आधीं जोशींचें पुस्तक द्यावें, चित्र मागाहून दाखवावें. मालवणकर असोत वा प्रभावळकर, चेहरा एकदां मनांत बसला कीं वाचतांना तोच पुढें येतो, आणि स्वतःचा चिमणराव घडविण्याची मौज मुलांच्या हातून जाते.