ट्रकवाल्यांना विचारलेला एक प्रश्न



संयोजन समितीने मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातील संधी'. तो मी बदलून घेतला. या संधींबद्दल तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, माझ्या मुलीला तर नक्कीच. आणि दुसरं म्हणजे, लोणंदला येऊन बोलायचं तर मला वेगळंच काही सांगावंसं वाटत होतं. ते ट्रकबद्दल आहे. मागच्या बाकावरचे हसतायत ते दिसतंय मला.

गेली नऊ वर्षं मी मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करते. ट्रकमध्ये एक छोटी डबी बसवलेली असते. गाडी कुठे आहे, वेग किती, इंजिन चालू की बंद, हे ती सतत कळवत राहते. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर त्या गाड्या मुंग्यांसारख्या सरकताना दिसतात. मुंगी थांबली की तिचा रंग बदलतो. हा रंग कधी बदलायचा याचे नियम ठरवणं हे माझं काम. मला ते आवडायचं, अजूनही आवडतं.

त्यातला एक नियम मीच लिहिला होता. माल जिथे उतरवायचा त्या कारखान्याच्या गेटभोवती नकाशावर दोनशे मीटरचं वर्तुळ काढायचं. वर्तुळाच्या आत गाडी थांबली तर ठीक. बाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबली तर तो 'विनापरवाना थांबा'. महिन्याअखेर अशा थांब्यांची यादी गाडीमालकाकडे जायची आणि तो भत्त्यातून पैसे कापायचा.

एक दिवस एक ड्रायव्हर आमच्या ऑफिसात आला. पन्नाशीचा असेल. त्याचे अठराशे रुपये कापले होते. खिशातून त्याने गेटवरच्या टोकनची चिठ्ठी काढली, रात्री नऊची वेळ लिहिलेली. आत घेतलं दुसऱ्या दिवशी दुपारी. त्याचा नंबर तेविसावा होता आणि रांग गेटपासून सर्व्हिस रोडवर सहाशे मीटर मागे गेलेली. दर तासा-दीड तासाने रांग थोडी पुढे सरकली की इंजिन चालू करायचं, पन्नास मीटर जायचं, पुन्हा बंद. माझ्या यंत्राने प्रामाणिकपणे विनापरवाना थांबे नोंदवले होते. एका रात्रीत नऊ.

तो चिडला नव्हता. म्हणाला, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला येवढं सांगा, मी कुठं गेलो नव्हतो. लाइनीत होतो."

वर्तुळ मी मोठं केलं, त्याला दहा मिनिटं लागली. त्याचे पैसे परत यायला तीन महिने लागले, आणि तोवर तो त्या मालकाकडची नोकरी सोडून गेला होता. पैसे त्याच्यापर्यंत पोचले का, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "हो हो, बघतो" असं उत्तर मिळालं.

त्यानंतर मी साहेबांकडून आठवडाभराची परवानगी काढली आणि ज्यांच्यासाठी नियम लिहिते त्या लोकांना भेटायला निघाले. तीन दिवस कळंबोलीच्या लोखंड बाजारात आणि ट्रक टर्मिनलवर, दोन दिवस शिरवळला. (कळंबोलीतल्या तीन दिवसांत बाईमाणसाला बाथरूमसाठी किती चालावं लागतं, त्याची नोंद कुठलीही डबी ठेवत नाही.) सुरुवातीला मी विचारायचे, अडचणी काय आहेत? लोक तोंड वाकडं करून सांगायचे, डिझेल, पोलीस, टायर, झोप. पाठ केल्यासारखं. पत्रकारांना सांगून सांगून त्यांना ते पाठच झालेलं. मग एकदा चहा पिताना सहज विचारलं, तुम्ही आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं? आणि चेहरेच बदलले. एकाचं संपायच्या आत दुसरा बोलायला लागला.

मला वाटलं होतं, जिथे पैसे जास्त मिळाले ते काम सांगतील. एकानेही ते सांगितलं नाही.

रायगडकडचा एक जण म्हणाला, कोकण रेल्वेची रो-रो. 1999 मध्ये ही सेवा सुरू झाली. कोलाडला भरलेला ट्रक आगगाडीच्या उघड्या वाघिणीवर चढवायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून राहतो. हा माणूस त्याआधी दहा वर्षं मुंबई-गोवा रस्त्यावर गाडी चालवत होता. म्हणाला, "ताई, दहा वर्षांत कोकण बघितलंच न्हवतं. समोरचा टेम्पो बघितला, वळण बघितलं, खड्डा बघितला. रेल्वेवर पहिल्यांदा मान वळवून खिडकीतनं बाहेर बघितलं." रत्नागिरीजवळ पानवलचा पूल लागतो, 64 मीटर उंच. उघड्या वाघिणीवर, त्यातही ट्रकच्या उंच केबिनमध्ये बसलेल्या माणसाला बाजूला कठडा दिसतच नाही, नुसती खाली झाडी. पहिल्यांदा त्याने घाबरून हँडब्रेक ओढला होता, जो आधीच ओढलेला होता. त्याआधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, काळाकुट्ट अंधार. तिथे तो झोपायचा. पगार तोच, भत्ता उलट थोडा कमी. पण डोळा लागला तर कुणी मरणार नाही, असं पहिलंच काम, म्हणाला.

दुसरा बराच वेळ गप्प होता. त्याने 2021 च्या एप्रिल-मे महिन्यात ऑक्सिजनचा टँकर चालवला होता. तो काळ सगळ्यांच्या लक्षात आहे. कळंबोलीहूनच 19 एप्रिलला सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली होती. हा मात्र रस्त्याने जायचा, रायगडातल्या पोलाद कारखान्यातून पुण्याकडे. तो म्हणाला, याला चांगलं काम म्हणू नये, माणसं मरत होती. त्याचा स्वतःचा मेव्हणा त्याच महिन्यात गेला. पण पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची गाडी पोचायच्या आधी गेट उघडं होतं. पुढे पोलिसांची जीप. हॉस्पिटलच्या टाकीपाशी नळी जोडायला माणूस आधीच उभा. कुणी टोकन मागितलं नाही, कुणी "साइडला लाव" म्हणालं नाही. एका हॉस्पिटलात एका डॉक्टरबाईंनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. हे खुर्चीचं त्याने दोनदा सांगितलं. आणि मग म्हणाला, "चार महिन्यांनी तोच टँकर घेऊन एका कंपनीत गेलो, तर वॉचमन म्हणाला, गेटवरचा नळ ड्रायव्हरसाठी नाही."

माझ्या वहीत अशी तीसेक कामं जमली. सगळी सांगत नाही. पण रात्री ती वाचताना एक गोष्ट लक्षात आली. रस्ता सरळ होता, गाडी नवी होती, असं कुणी सांगत नव्हतं. बहुतेक जण पोचल्यानंतरचं सांगत होते. देवगडचा हापूस वाशीला नेणारा सांगत होता, आंबा थांबत नाही, म्हणून हमाल पळत येतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले वर्षानुवर्षं प्रवासाचा वेळ कमी करायच्या मागे लागलो. तो कमी झालाही. मुंबईचे जकात नाके 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर बंद झाले, फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. रस्त्यावरचं थांबणं घटलं. गेटसमोरचं थांबणं कुणी मोजलंच नव्हतं, आणि मी मोजलं ते ड्रायव्हरचा गुन्हा म्हणून. आता नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्या एसीला इंजिन चालू लागतं, आणि रांगेत इंजिन चालू ठेवलं की डिझेल वाया घालवल्याचा लाल ठिपका दाखवणारा नियमही आमच्याकडे आहेच. त्यावर सध्या माझं भांडण चालू आहे.

आता आपल्या गावाचं.

शिरवळहून परत जाताना मी वाट वाकडी करून इथे आले होते. आपल्याच वर्गातल्या एकाचे वडील, आपण सगळे ज्यांना तात्या म्हणायचो, पंचेचाळीस वर्षं ट्रकवर होते. लोणंदच्या मार्केट यार्डातून कांदा भरायचा आणि बेंगळुरू, चेन्नई. नाव घेऊ नको म्हणालेत, घेत नाही. त्यांना तोच प्रश्न विचारला. क्षणभरही विचार न करता म्हणाले, "वारीची गाडी."

तुम्हाला आठवतंय ना, माउलींची पालखी नीरेचं स्नान करून लोणंदला मुक्कामाला आली की आपली शाळा बंद. वर्गात वारकरी, व्हरांड्यात वारकरी आणि मैदानावर दिंड्यांचे ट्रक. पालखी तरडगावकडे गेली की मैदानभर चाकोऱ्या पडलेल्या असायच्या आणि पीटीचे सर आपल्याला मुरमाच्या पाट्या उचलायला लावायचे. मी तेव्हा त्या ट्रकवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्यात. त्यातल्या एका गाडीवर तात्या असायचे, हे मला आत्ता कळलं.

मालक दरवर्षी एक गाडी दिंडीला सेवा म्हणून द्यायचे. भाडं नाही, त्यामुळे ड्रायव्हरला भत्ता नाही. तरी त्या गाडीवर जायला ड्रायव्हर भांडायचे. तात्या सलग अकरा वर्षं गेले. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तात्या म्हणाले, "बेंगळुरूच्या वाटंवर येवढं रात्रीच्या जेवणाआधी मारायचो. हितं अठरा-वीस दिवस." पहाटे राहुट्या उतरवायच्या, पातेली, धान्याची पोती, दीडशे माणसांच्या वळकट्या. हमाल नाही. माणसं रांग करून हातोहात सामान देतात आणि अर्ध्या तासात गाडी भरते. मग पुढच्या मुक्कामाला जाऊन चूल पेटेल अशी सोय करायची आणि वाट बघायची.

मी म्हटलं, तात्या, वाट बघणं तर तुम्हाला आयुष्यभर होतंच की.

ते म्हणाले, "पोरी, तिकडं मी लोकांची वाट बघायचो. हितं लोकं माझी बघायची. पाऊस आला की दीडशे माणसं रस्त्यावर भिजत चाललेली, आन् त्यांची कोरडी कापडं माझ्या गाडीत." थोडं थांबून म्हणाले, "आन् वर्षभर 'ए ड्रायव्हर'. त्या वीस दिवसांत 'माउली'. पंगतीत बसवून वाढायचे, माझं ताट पहिलं."

काकू आतून म्हणाल्या, "आन् लोणंदच्या मुक्कामाला घरी झोपायला यायचे, ते सांगा की." घरापासून दोनशे पावलांवर गाडी उभी, असं वर्षातून तेवढंच व्हायचं.

माझ्या कामाचं काय झालं, तेही सांगते, नाहीतर वाटेल नुसत्या गोष्टी सांगितल्या. आता आमच्या पडद्यावर गेटबाहेरची रांग वेगळ्या रंगात दिसते आणि ते तास ड्रायव्हरच्या नावावर न जाता कारखान्याच्या नावावर जातात. दोन गिऱ्हाइकांना हे आवडलं नाही, त्यांनी तो रंग बंद करून घेतला. एका कारखान्याने मात्र आकडे बघून गेटच्या आत वीस गाड्यांची जागा केली आणि दोन बाथरूम बांधली. आपल्या तुकडीतले तीन-चार जण इथल्या आणि शिरवळच्या एमआयडीसीत डिस्पॅच सांभाळतात. त्यांना मी जेवणानंतर गाठणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आणि शेवटची गोष्ट समितीसाठी. आपल्या तुकडीकडून शाळेला प्रवेशद्वाराची कमान देण्याचं ठरलंय, तिचं चित्र बाहेर लावलंय, सुंदर आहे. तात्या आज आलेत. सकाळी त्या चित्रासमोर ते बराच वेळ उभे होते. मला बोलावून विचारलं, "उंची किती धरलीया?" मी खाली लिहिलेलं वाचून सांगितलं, बारा फूट. ते म्हणाले, "मग दिंडीच्या गाड्या आत कशा येणार?"

भरलेली, वर ताडपत्री बांधलेली गाडी बारा फुटांखालून जात नाही. आषाढीला त्या बाहेर रस्त्यावर उभ्या राहतील, ओळीने. कमान सोळा फूट करूया, आणि रुंदीही मोठी गाडी वळेल एवढी ठेवूया. ठेकेदाराशी मी बोलले, खर्च वाढेल. वाढीव खर्चातला माझा हिस्सा मी आज देऊन जाते, बाकीचं जेवायच्या आधी ठरवा, कारण काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय.