हाडांचा रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी शंका घेतली आहे, की 29 वर्षांच्या सिद्धार्थाला त्याआधी म्हातारा माणूस दिसलाच नव्हता काय? आमच्या वस्तीत म्हातारी माणसं रोज दिसतात. पण त्यांची पाठ का वाकली, हे कोणी विचारत नाही. वय झालं म्हणायचं नि मोकळं व्हायचं!

आम्ही डॉक्टर नाही. वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेतो, रिपोर्ट वाचतो, समजलं नाही तर विचारतो. हाडांची घनता मोजणारे डेक्सा नावाचे यंत्र असते. कंबर आणि खुब्याचा आकडा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या मापाप्रमाणे तो उणे 2.5 किंवा त्याखाली गेला, की हाडे ठिसूळ समजतात. लोक आकडा बघतात नि कागद पिशवीत घालतात.

परंतु त्याच यंत्रावर कण्याचा बाजूने फोटो निघू शकतो. त्यात कधी मणका चेपलेला, म्हणजे मोडलेला सापडतो. माणूस म्हणतो, मी तर पडलोच नाही! खरं आहे. वाकून हंडा उचलला तरी ठिसूळ मणका दबतो. अशा सुमारे दोनतृतीयांश मोडी त्या वेळी कळतच नाहीत. बाम चोळून दिवस काढतात. शिवाय चेपलेल्या मणक्याचा आकडा उलट चांगला येऊ शकतो, कारण तेवढेच हाड कमी जागेत दाबलेले असते. म्हणून नुसत्या आकड्यावर भरवसा नको.

वस्तीतल्या एका आजींच्या रिपोर्टात ही ओळ होती. तळाला, बारीक इंग्रजीत. दोन वर्षे कोणी वाचली नाही. मग खुबा मोडला, आजी अंथरुणाला खिळल्या. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मणका मोडलेल्या पाच वयस्क बायांपैकी सुमारे एकीचा वर्षभरात आणखी एक मणका मोडल्याचे दिसले. तेव्हा अशी ओळ दिसली, की डॉक्टरांना विचारा: क्षय किंवा गाठीमुळे तर दबला नाही ना? तसं नसेल, तर हाडांची झीज रोखणारी औषधे आहेत. केवळ कॅल्शियमच्या गोळीवर भागत नाही. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतल्या असतील, तर तेही सांगा.

तरुणपणापेक्षा उंची 4 सेंटिमीटर कमी झाली असेल, तर बाजूचा फोटो मागून घ्या. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही मोजपट्टी घेऊन बसतो. चपला बाहेर, टाचा भिंतीला लावून उभं राहायचं. जुनी उंची आठवत असेल, तर तीही सांगा.