धूमकेतूची नोंद : स्वागताध्यक्षीय भाषण

१९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाला संघटित रूप लाभले आहे, आणि या निरीक्षणात धूमकेतूइतकी जागरूकता दुसरा कोणताही विषय मागत नाही. कारण ग्रहणाची वेळ शंभर वर्षे आधी सांगता येते, धूमकेतूचे तेज मात्र तो सूर्याजवळ येईपर्यंत खात्रीने सांगता येत नाही.

धूमकेतूचे केंद्रक, म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा बहुधा काही किलोमीटरचा गोळा, कसे वागेल याचा भरवसा नसतो. होम्स धूमकेतू सूर्यापासून दूर चालला असताना, ऑक्टोबर २००७ मध्ये, दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पटींनी उजळला आणि ययाती तारकासमूहात नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला. धूमकेतू कोठून येईल हेही आधी सांगता येत नाही : २०१९ च्या ऑगस्टमध्ये हौशी निरीक्षक गेन्नादी बोरिसोव यांनी क्रिमियातून, स्वतः घडवलेल्या ६५ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने, सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला ज्ञात धूमकेतू शोधला.

अशा निरीक्षणाची किंमत नोंदीवर ठरते. धूमकेतू ताऱ्यासारखा बिंदुरूप नसल्यामुळे त्याचे तेज ठरवताना प्रथम त्याचे रूप मनात धरावे लागते, मग ज्ञात तेजाचा तारा दुर्बिणीत मुद्दाम इतका अस्पष्ट करावा लागतो की तो धूमकेतूएवढा पसरट दिसेल, आणि तेव्हाच दोघांची तुलना करावी लागते. छायाचित्रणात धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असल्याने अनेक छायाचित्रे त्याच्या शीर्षावर जुळवून एकत्र केली जातात, त्यामुळे तारे रेघांसारखे ओढले जातात. या रेघा पुसण्याच्या आणि रंग खुलवण्याच्या भरात निळसर वायुपुच्छातील खऱ्या गाठीही कधी कधी पुसल्या जातात, हे अभ्यासाचे मोठेच नुकसान होय.

जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू ऐन भरात आला तो पावसाळ्यात, आणि महाराष्ट्रातील बहुतेक निरीक्षकांच्या वाट्याला ढगच आले. एका प्रदेशाच्या आकाशावर विसंबून धूमकेतूचा सलग अभ्यास होत नाही, म्हणूनच निरनिराळ्या ठिकाणच्या निरीक्षकांनी एकत्र येणे स्वागत समितीला अगत्याचे वाटते. संमेलनाच्या प्रतिनिधींनी सजवलेल्या छायाचित्रांसोबत मूळ छायाचित्रे आणि वेळ, स्थळ, भिंग व प्रकाशनकाल, म्हणजे भिंग उघडे राहिल्याचा अवधी, लिहिलेल्या वह्याही चर्चासत्रांत मांडाव्यात, अशी समितीची आग्रहाची विनंती आहे.