गॅसचा गिझर पेटत का नाही?



चाकण, भोसरी, निघोजे इथं पहिल्या पाळीच्या कामगारांची पहाटे घाई असते. नळ सोडावा, तर गॅसचा गिझर कधी पेटतो, कधी पेटत नाही. अशा वेळी काय पाहायचं, ते आम्ही सांगतो.

गिझरला तीन गोष्टी लागतात : पाणी, ठिणगी आणि गॅस. पाणी जोरानं आत आलं, की आतली कळ दाबली जाते. सेलमुळे ठिणगी पडते. टकटक आवाज होतो आणि गॅस पेटतो.

टकटक होत नाही? आधी धार पाहा. टाकीतलं पाणी उतरलं, की धार बारीक होते. बाकीचे नळ बंद करा. धार चांगली असेल, तर दोन्ही सेल बदला. एक जुना, एक नवा असं करू नका.

टकटक होते, पण ज्योत नाही? रेग्युलेटर चालू आहे का, सिलिंडर संपला का, ते पाहा. काडी लावू नका. गिझर स्वतः उघडू नका, कारागीर बोलवा.

गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या उघडा. विजेचं बटण दाबू नका. बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. बंद न्हाणीघरात गिझर चालला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बेशुद्ध पडतो, प्राणही जातो. म्हणून गिझर आणि सिलिंडर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर शेगडीवर पाणी तापवा. पाळीला दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.