‘सोडून ये’ म्हटल्यानंतरचं काम



२३ नोव्हेंबर २०२० रोजी वसईच्या एका तरुणीने नालासोपाऱ्यात तुळिंज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. सोबत राहणारा जोडीदार सहा महिने मारतोय, आज जीव गुदमरवून मारायला निघाला होता, तुकडे करून फेकून देण्याची धमकी देतो, असं तिने त्यात लिहिलं. महिनाभरात तिनेच पोलिसांना सांगितलं, आमच्यात आता भांडण उरलेलं नाही. प्रकरण तिथेच मिटलं. १८ मे २०२२ रोजी दिल्लीत मेहरौलीच्या भाड्याच्या घरात तिचा खून झाल्याचं पुढे तपासात निघालं.

या तरुणीचं, श्रद्धा वालकरचं, नाव देशभर झालं ते तिचा धर्म कोणता आणि जोडीदाराचा कोणता, या वादासाठी. तुळिंजच्या कागदाकडे त्या मानाने कमी लोकांनी पाहिलं. खरं तर आपल्या जिल्ह्याने वाचायला हवा तो तोच कागद.

ती गप्प बसली नव्हती. आईला सांगितलं, वडिलांना सांगितलं, मार बसल्याचं सहकाऱ्यांना व्हॉट्सॲपवर कळवलं. वडिलांना हे नातं मान्य नव्हतं, तरी त्यांनी ‘घरी ये’ म्हटलं होतं. जोडीदाराने माफी मागितली आणि ती परत गेली. इथे पुष्कळजण कपाळाला हात लावतात: सांगूनही कळत नाही, तर आम्ही काय करणार? पण मारणारा रोज मारत नाही. मधल्या दिवसांत तो रडतो, शपथा घेतो, औषधं आणून देतो. त्या दिवसांच्या आशेवर बाई परतते, एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी तिच्यामागे ‘आता तुझं तू बघ’ म्हणत एकेक दार लागलं, की मारणाऱ्याचं काम आपणच सोपं करतो.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी मदत मागितल्याची नोंद आहे. त्यामुळे जी सांगते, तिचं पहिलं सांगणं मोलाचं.

आपल्याच जिल्ह्यात, बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या खोल्यांमध्ये उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली कुटुंबं दाटीने राहतात. तिथल्या बाईचं माहेर दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर, आणि फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात. पत्र्यापलीकडचा मार सगळ्या चाळीला ऐकू जातो. ‘नवरा-बायकोचं आहे’ म्हणून दूरदर्शनचा आवाज वाढवला जातो.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा मात्र या शेजाऱ्याला मोकळीक देतो. हिंसा होतेय किंवा होण्याची शक्यता आहे, असं वाटायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. लग्न न करता, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे. तिच्या वतीने दुसऱ्या कुणालाही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वीस वर्षांत हे चाळीपर्यंत पोचलं नाही, यात आपला, म्हणजे शिकलेल्यांचा, वाटा मोठा आहे.

हा अधिकार वापरताना घाई नको. मारणाऱ्याला जाऊन जाब विचारला, तर त्याची किंमत रात्री तीच मोजते. आधी तिला काय हवंय ते विचारावं. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती आपल्या घरी ठेवून घ्याव्यात. अडचण आहे हे कळवायचा एखादा साधा शब्द ठरवावा. ‘साखर संपली’ एवढंही पुरे. जखम दिसली, तर दवाखान्यातल्या कागदावर ‘पडून लागले’ एवढ्यावर भागवू नये. कोणी आणि कशाने मारलं, हे तिच्या शब्दांत उतरवावं. जीवावर बेतलं, तर मात्र वाट न पाहता ११२ला फोन.

श्रद्धाचा फोन दोन महिन्यांहून जास्त काळ बंद आहे, हे सप्टेंबर २०२२मध्ये घरी कळवलं ते एका मित्राने. मग वडील वसईच्या माणिकपूर पोलिसांत गेले आणि नोव्हेंबरात त्या जोडीदाराला अटक झाली. तोवर तिला जाऊन जवळपास सहा महिने झाले होते.

आज घरी पोचल्यावर, दोन महिन्यांत जिचा आवाज ऐकलेला नाही अशी बहीण, भाची किंवा मैत्रीण आठवून तिला फोन लावा. तिने नाही उचलला, तर उद्या तिच्या दारात जा.