घटनादुरुस्तीचा प्रस्ताव : अधिकार कोणाचा?

(सेक्टर ३०, चंदीगड येथे मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



घटनादुरुस्ती म्हटली की परीक्षेत बहुमताचे प्रकार विचारले जातात. त्याआधीचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो : प्रस्ताव मांडायचा कोणी? अनुच्छेद ३६८ नुसार दुरुस्तीची सुरुवात केवळ संसदेच्या कोणत्याही एका सभागृहात विधेयक मांडूनच होते. मंत्री किंवा खासगी सदस्य ते मांडू शकतो. राज्य विधिमंडळ नाही. संघराज्यीय स्वरूपाच्या काही तरतुदींसाठी किमान निम्म्या राज्यांचे अनुसमर्थन लागते. परंतु संसदेने संमत केलेल्या मसुद्यात राज्यांना बदल करता येत नाही.

आपण बसलो आहोत त्या शहराचेच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये चंदीगडला अनुच्छेद २४० च्या कक्षेत आणणारे १३१ वे घटनादुरुस्ती विधेयक हिवाळी अधिवेशनाच्या संभाव्य कामकाजात नमूद झाले. त्यामुळे या प्रदेशासाठी थेट विनियम करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला असता. पंजाबमधील पक्षांनी विरोध केला आणि हे विधेयक त्या अधिवेशनात मांडण्याचा हेतू नसल्याचे गृह मंत्रालयाने जाहीर केले. येथे मर्म असे, की अनुच्छेद २४० अनुसमर्थनाच्या यादीत नाही. म्हणजे पंजाब व हरियाणाच्या विधानसभांना या प्रक्रियेत औपचारिक स्थानच नव्हते. चंदीगडला स्वतःची विधानसभा नाही, राज्यसभेत जागा नाही. येथील मतदाराचा आवाज लोकसभेतील एकाच सदस्यामार्फत पोहोचतो.

जो प्रस्ताव मांडतो, तोच चर्चेची चौकट ठरवतो. वस्तू व सेवा कराच्या २०१४ च्या विधेयकात आंतरराज्य पुरवठ्यावर १ टक्का अतिरिक्त कराची तरतूद होती. उत्पादक राज्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती. २०१६ मध्ये ती वगळण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विधेयक महाराष्ट्र विधिमंडळापुढे आले, तेव्हा स्वीकार किंवा नकार एवढेच पर्याय उरले होते.

राज्ये सर्वस्वी हतबल आहेत, असे नव्हे. कर्नाटक विधिमंडळाने २०१० मध्ये ठराव केले. पुढे ९८ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१-ञ आला आणि बीदर, गुलबर्गा आदी जिल्ह्यांसाठी विशेष तरतूद झाली. मात्र ठराव ही विनंती असते, अधिकार नव्हे. विधान परिषदेबाबत अनुच्छेद १६९ विधानसभेच्या ठरावाला आवश्यक अट मानतो. तरीही कायदा करणे न करणे संसदेच्याच हाती राहते.

कॅनडात प्रांतिक विधानसभाही दुरुस्तीची प्रक्रिया सुरू करू शकते. अमेरिकेत दोन तृतीयांश राज्ये परिषद बोलावण्याची मागणी करू शकतात. हा मार्ग अद्याप एकदाही पूर्णत्वास गेलेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये १८ महिन्यांत १ लाख सह्या जमवून नागरिक प्रस्ताव आणतात.

आपल्याकडे हा अधिकार वाटल्यास प्रादेशिक मागण्यांचा पूर येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणून प्रस्ताव आणि निर्णय यांत भेद करावा. एक तृतीयांश राज्यांनी एकाच आशयाचा ठराव केल्यास संसदेने ठरावीक मुदतीत त्यावर चर्चा व मतदान करणे बंधनकारक असावे. निर्णयासाठी विशेष बहुमत कायम राहावे. तसेच एखाद्या प्रदेशाचा दर्जा बदलणाऱ्या विधेयकापूर्वी तेथील निर्वाचित संस्थेचे मत घ्यावे. चंदीगडपुरते ते काम महानगरपालिका करू शकेल.

अर्थात, हा बदलही अनुच्छेद ३६८ मध्येच करावा लागेल आणि त्याचा प्रस्ताव संसदेलाच मांडावा लागेल. म्हणूनच या प्रश्नाचा विचार उत्तरपत्रिकेपुरता मर्यादित ठेवू नका.