गर्दीच्या शहराच्या पोटात

सुलतानपूर-लोणार भागात विहीर खणली की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्याचे असेच थर थेट मुंबईपर्यंत पसरले आहेत. मुंबईची साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो-३ बरीचशी याच खडकातून गेली. तिची 27 पैकी 26 स्थानकं जमिनीखाली आहेत. बोगदे खणणाऱ्या यंत्रांना वैनगंगा, गोदावरी, वैतरणा अशी नद्यांची नावं दिली होती.

खरी कसोटी लागली ती काळबादेवी-गिरगावात. रस्ता चिंचोळा, दोन्ही बाजूंना जुन्या चाळी. तिथे सगळा रस्ता उघडा करून खणणं शक्यच नव्हतं. म्हणून फलाटाचा भाग जमिनीखालूनच, थोडा थोडा खडक फोडत आणि लगेच काँक्रीटचा लेप देत, तयार केला. अशा कामात शेजारच्या भिंतींवर मापकं बसवतात. तडा केसभर जरी रुंदावला तरी ते टिपलं जातं. ही दक्षता मला यंत्रांपेक्षाही मोलाची वाटते, कारण त्या भिंतींआड माणसं राहत असतात.

इमारतीखाली तळघर खणतानाही हीच दक्षता लागते. काम मेट्रोपेक्षा लहान असलं तरी शेजाऱ्याचा पाया तितकाच जपावा लागतो. खड्ड्याच्या कडेला आधी आधारभिंत हवी. पाण्याचा उपसाही जपून करावा लागतो, नाहीतर शेजारची माती खचते. पावसाचं पाणी तर वाटच पाहत असतं. 26 मे 2025 रोजी ते याच मेट्रोच्या, वरळीतल्या आचार्य अत्रे चौक स्थानकात शिरलं. त्यामुळे तळघराच्या उताराच्या तोंडाशी उंचवटा, आडवी गटार आणि चालू स्थितीतला पंप हवाच.